वाघ्याची हजेरी

पोळ्याला आपण बैलाला ओवाळतो, वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो, नागपंचमीला नागालासुद्धा दूध-लाह्या दाखवतो. दाराशी जन्मभर पडून राहणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र आपल्या घरात असा एकही सण नाही. शेजारच्या नेपाळात तो आहे. तिथे ऐन दिवाळीत ‘कुकुर तिहार’ होतो. त्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि पुढ्यात गोडधोड! आपण एवढे करीत नाही. पण अगदीच कोरडे आहोत असेही नाही. दत्ताच्या पायांशी चार कुत्री आपणच बसवली, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवही आपलेच.

हे सारे आज आठवायचे कारण म्हणजे माझ्या ताईच्या घरचा वाघ्या. मागच्या दिवाळीत तो अंगणात होता. या दिवाळीत नाही. सणाच्या अंकात मरणाची गोष्ट काढू नये हा संकेत मला ठाऊक आहे. पण ज्या घरात कुत्रे आहे त्या घरात हा दिवस एकदा येतोच. कुत्र्याचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे, आपले सत्तर-ऐंशीचे. तेव्हा निरोप देण्याची पाळी बहुधा आपल्यावरच येते. ती कशी निभवावी हे कोणी शिकवत नाही. ताई-भाऊजींनी ती कशी निभावली, ते मी पाहिले आहे.

ताईचे बिऱ्हाड सेमाडोहला. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट चढून घटांग, आणि मग वळणावळणाने उतरत सिपना नदीकाठचे हे गाव. पुढे हीच सडक कोलकास, हरिसालवरून धारणीकडे जाते. चहूकडे सागाचे रान आणि मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प. १९७३-७४ च्या सुमारास देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतलाच हा एक. भाऊजी शाळामास्तर. वाघांच्या मुलखात त्यांनी आपल्या कुत्र्याचे नाव ठेवले वाघ्या! “अहो, खऱ्या वाघाला राग येईल की,” असे मी एकदा म्हटले, तर म्हणाले, “येऊ द्या. हजेरीपटात एका नावाची दोन पोरे असतातच.”

वाघ्या साधा गावठी, तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला. बारा वर्षांपूर्वी परतवाड्याच्या बसस्टँडवर, दिवाळीच्या फटाक्यांना भिऊन, भाऊजींच्या पिशवीमागे दडलेले हे पिल्लू पिशवीबरोबरच घरी आले. मेळघाटात कुत्र्याने बारा वर्षे काढायची म्हणजे थट्टा नव्हे. बिबट्याला कुत्रे फार प्रिय. म्हणून धनगर आपल्या कुत्र्यांना घालतात तसा खिळ्यांचा पट्टा भाऊजींनी त्याच्या गळ्यात घातला होता, आणि दिवेलागणीनंतर त्याला घराबाहेर सोडायचे नाही, हा ताईचा कायदा होता. त्याची नोकरी एकच. संध्याकाळची एस. टी. वळणावर आली, की आम्हाला आवाज यायच्या आधी त्याला तो यायचा आणि स्वारी फाटकाशी हजर. गाडीतून कोणीही उतरो, स्वागत ठरलेले.

या वर्षी शिमग्याच्या सुमारास त्याचे पाणी पिणे वाढले. पातेलेच्या पातेले रिकामे करी, आणि रात्री दोन-तीनदा बाहेर जाण्यासाठी दार खरवडी. ताईला वाटले, पाणी जास्त होते म्हणून हा त्रास होतो. तिने संध्याकाळनंतर पातेले उचलून ठेवायला सुरुवात केली. आठ दिवसांत वाघ्या निम्मा झाला. भाकरीकडे बघेना, तोंडाला एक चमत्कारिक दर्प येऊ लागला.

परतवाड्याच्या डॉक्टरांनी तपासले आणि अकोल्याला जायला सांगितले. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, तिथे जनावरांचा दवाखानाही आहे. जीप करून अंजनगाव-अकोट मार्गे मंडळी गेली. रक्त तपासले तेव्हा कळले, की वाघ्याची मूत्रपिंडे थकली आहेत. हे दुखणे मोठे लबाड. मूत्रपिंडांची जवळजवळ तीन-चतुर्थांश शक्ती संपेपर्यंत रक्तात फारसे काही दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा गेलेली शक्ती परत येत नाही. रक्तातली घाण गाळायला अशा मूत्रपिंडांना पाणी जास्त लागते. म्हणून कुत्रे घटाघटा पाणी पिते. ते पाणी तोडणे म्हणजे बुडत्याच्या हातातली दोरी काढून घेणे. हे ऐकले तेव्हा ताईचे डोळे भरून आले. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही एकट्या नाही बाई, पुष्कळजण हेच करतात. हे बरे होणारे दुखणे नाही. पण त्याचा त्रास आपण पुष्कळ कमी करू शकतो.”

इथून पुढचे पाच महिने ते घर म्हणजे एक लहानसे इस्पितळच झाले. भाऊजींची छत्री ज्या खुंटीला असे तिला सलाईनची बाटली लागली. मानेमागची सैल कातडी उचलून तिच्याखाली सुई घालायला डॉक्टरांनी भाऊजींना शिकवले. पाणी आत गेले, की वाघ्याच्या पाठीवर उंटासारखे मदार दिसे आणि काही तासांत ते जिरून जाई. माझी भाची त्याला ‘उंट्या’ म्हणू लागली. जेवणातून हाडे आणि काळीज बंद झाले. मऊ भात, अंड्याचा पांढरा बलक, आणि तोही थोडा थोडा, चार वेळा. तोंडात फोड आले तेव्हा ताई कापसाच्या बोळ्याने मिठाच्या कोमट पाण्याने ते पुसून काढी. मागचे पाय लटपटू लागले, तसा पोटाखालून पंचा घालून त्याला उचलायचे आणि अंगणात न्यायचे. खाली रबरी कापड, त्यावर गोधडी, आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. नाही तर हाडांवर जखमा होतात आणि पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली, की आळ्या पडायला वेळ लागत नाही.

ज्यांच्या घरी आजारी कुत्रे आहे त्यांच्यासाठी इथेच दोन गोष्टी सांगून टाकतो. आपल्या डबीतली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. माणसाला निर्धोक असणारी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याच्या यकृताचा, मूत्रपिंडांचा घात करतात. आणि दुसरे : कुत्र्याचे वागणे एकाएकी बदलले, लाळ गळू लागली, गिळता येईना, विनाकारण अंगावर येऊ लागले, तर मायेपोटी त्याच्या तोंडात हात घालू नये. ते पिसाळलेले असू शकते. चावा किंवा ओरखडा लागलाच, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस टोचून घ्यावी. त्यात ‘उद्या बघू’ नाही.

हे सारे चालले असता एक दिवस चावडीजवळ कोणी तरी म्हणाले, “इथं माणसाच्या लेकराले सलाईन भेटत नाही, अन् मास्तर कुत्र्याले लावते!” भाऊजी काही न बोलता घरी आले. बोलणे जिव्हारी लागले होते, कारण ते खोटे नव्हते. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या आपण शहरात वर्तमानपत्रांत वाचतो. भाऊजींच्या वर्गात त्या बातम्या बाकांवर बसलेल्या असतात. त्या रात्री नवरा-बायकोने बसून हिशेब केला. वाघ्यावर महिन्याला किती खर्च करायचा याचा आकडा ठरवला आणि त्यापलीकडे जायचे नाही असेही ठरवले. शाळेतल्या पोरांसाठी पदरचे जे होत होते त्यातला एक पैसाही कमी होणार नाही, हे आधी लिहिले आणि मग वाघ्याचा आकडा. मला यात कोरडेपणा दिसला नाही. मर्यादा ठरवायला लाजणारी माणसेच पुढे कर्जात तरी पडतात, नाही तर त्या मुक्या जीवावर चिडू तरी लागतात.

ताई एवढेच म्हणाली, “बारा वर्षे राखण घेतली. आता म्हातारपणी त्याचा हिशेब मांडायचा नाही. खर्चाचा मांडू.”

जुलैमध्ये डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. रोज जवळ असणाऱ्या माणसाला उतार दिसत नाही. कालच्यापेक्षा आज थोडेच वाईट असते, आणि त्या ‘थोड्या’ची आपल्याला सवय होते. म्हणून वाघ्याला मनापासून आवडणाऱ्या चार-पाच गोष्टी कागदावर लिहायच्या आणि रोज रात्री बघायचे : आज यांतले काय झाले? चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त होऊ लागले, की समजायचे.

भाऊजी पडले मास्तर. त्यांनी कोरा हजेरीपट काढला. विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी पाच ओळी : एस. टी.चा आवाज आला की फाटकाकडे जाणे. आवडीने खाणे. आपल्या पायांनी बाहेर जाऊन येणे. ताईच्या बांगड्या वाजल्या की शेपूट हलवणे. रात्री शांत झोप. झाले तर ‘ह’, नाही तर ‘गै’.

मी श्रावणात गेलो तेव्हा तो पट पाहिला. जुलैच्या पहिल्या पानावर पाचही ओळींत ‘ह’ची रांग होती, मधून मधून एखादा ‘गै’. मग फाटकाची ओळ गेली. एस. टी. येई, वाघ्या नुसता कान टवकारी आणि मान खाली टाकी. भाऊजींनी तरीही तीन दिवस तिथे ‘ह’ लिहिला होता. पुढे तो खोडून ‘गै’ केलेला दिसत होता. नापासाला पास करायची मास्तरांना सवय नव्हती. मग खाणे गेले, मग पाय. शेपटीची ओळ मात्र अजून ‘ह’ होती. त्या एका ‘ह’वर ताईने सारी आशा टांगून ठेवली होती.

“शेपूट हलवतो अजून,” ती मला म्हणाली. “मी जवळ गेले की हलवतो.”

रात्री मी ओसरीवर झोपलो होतो. वाघ्या झोपत नव्हता. दर घटकेला उठू बघे, उलटीचा उमाळा येई, पोटात काहीच नसे. ताई उठे, त्याच्या डोक्यावर हात ठेवी. तो शेपटी एकदा आपटी आणि पुन्हा कण्हू लागे. सकाळी शेजारचा म्हातारा चौकीदार दूध घेऊन आला. त्याने वाघ्याकडे पाहिले, ताईकडे पाहिले आणि म्हणाला, “बाई, तो तुमच्यापायी थांबून रायला जी.”

ताईने काही उत्तर दिले नाही. दुपारी तिनेच भाऊजींना सांगितले, “डॉक्टरांना बोलवा.”

या लेखातली खरी गोष्ट एवढीच आहे. आपण म्हणतो, त्याला सोडवत नाही. पण त्याला म्हणजे कोणाला? शेपूट तो हलवीत होता ती आपल्या सुखाने नव्हे, ताईला बरे वाटावे म्हणून. जन्मभर त्याने हेच केले होते. आता त्याला बरे वाटावे म्हणून ताईने काही करायची पाळी होती. सेवा करताना ती दररोज त्याच्यासाठी झटत होती; पण शेवटच्या आठवड्यातली सेवा थोडी आपल्यासाठीच चालली होती, असे ती स्वतःच मागाहून म्हणाली. दयामरण देणे म्हणजे सेवा सोडणे नव्हे. वेळेवर दिले, तर ते सेवेचेच शेवटचे काम आहे. फक्त ते डॉक्टरांच्याच हातून व्हावे. घरगुती उपाय, विष, कोणाला तरी सांगून ‘सोय लावणे’ हा क्रूरपणा आहे, आणि १९६० च्या प्राणी-क्लेश-प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

दुसऱ्या दिवशी पावसातून डॉक्टर आले. काय होणार ते त्यांनी आधी नीट सांगितले, आणि ते सांगणे फार आवश्यक असते. आधी गुंगीचे इंजेक्शन. त्याने दुखणे थांबते आणि झोप लागते. मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. श्वास थांबतो, पाठोपाठ हृदय. दोन-चार मिनिटांचे काम. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. एखादा मोठा उसासा निघतो, लघवी होते. पण तेव्हा त्याला काही कळत नसते. हे माहीत नसले तर माणूस जन्मभर ‘तो जागा होता का?’ म्हणून झुरत राहतो.

भाची दहा वर्षांची. तिला बाहेर पाठवावे असे मी सुचवले, ताई म्हणाली, “तिला विचारा.” ती थांबली. तिला कोणी ‘वाघ्या झोपणार आहे’ असे सांगितले नाही, की ‘देवाघरी फिरायला गेला’ असेही नाही. वाघ्या मरणार आहे आणि मग त्याला दुखणार नाही, असे सरळ सांगितले. मुलांना खरे सोसते. झोपेच्या नावाने मरण सांगितले, तर त्यांना रात्री झोपायची भीती वाटू लागते. तिने वाघ्याचा मोडका कान हातात धरला. ताईने बांगड्या वाजवल्या. शेपूट एकदा हलले. मग गुंगी आली.

त्या दिवसाची हजेरी भाऊजींनी मांडली नाही.

ताईच्या मनात त्याला सिपनेच्या काठी पुरायचे होते. डॉक्टर नको म्हणाले. पाण्यापासून, विहिरीपासून दूर, आणि खड्डा छातीइतका खोल हवा. त्याचे कारण जंगलातल्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. भुलीचे ते औषध मेलेल्या जनावराच्या अंगात तसेच राहते. खड्डा उथळ असला आणि तरस, कोल्हे किंवा रानडुकरे यांनी तो उकरला, तर खाणाराही मरतो. गिधाडांच्या बाबतीत आपण एकदा हा धडा शिकलो आहोत. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मढ्यांतून पोटात गेल्याने आपल्याकडची गिधाडे जवळजवळ संपली, आणि २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले. म्हणून शेताच्या बांधावर, मोहाखाली खड्डा खणला. वर मोठाले दगड रचले, त्यावर बोरीच्या काट्या. खणायला आलेल्यांत चावडीवर ते बोलणारा गृहस्थही होता. कोणी त्याला बोलावले नव्हते. तो आला, कुदळ घेतली, आणि काही न बोलता खणून गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी विचारले, “गुरुजी, वाघ्या मेला?” भाऊजींनी गणिताचे पुस्तक मिटले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या झडपेतून त्याने धन्याला वाचवले अशी आख्यायिका सांगतात. ती गोष्ट त्यांनी सांगितली. मग मुंबई पोलिसांच्या झंजीरची. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर या कुत्र्याने तीन हजार तीनशे किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढले आणि कितीकांचे प्राण वाचवले. २००० साली हाडाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. “आपल्या वाघ्यानं काय केलं होतं, गुरुजी?” एका पोराने विचारले. भाऊजी म्हणाले, “तो रोज गाडीला हजर होता.”

महिनाभराने भाचीने नवे पिल्लू आणायचा हट्ट धरला. ताईने डॉक्टरांना विचारले, वाघ्याची गोधडी-भांडी चालतील का? मूत्रपिंडाचे दुखणे लागट नसते, स्वच्छ धुऊन चालतील, असे ते म्हणाले. पण डिस्टेंपरने कुत्रे गेले असते, तर तसे नसते. हा रोग कुत्र्यापुरता राहत नाही. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक-तृतीयांश सिंह मेले; त्याचा संबंध भोवतालच्या गावकुत्र्यांशी जोडला गेला. २०१८ साली आपल्याच गीरमध्ये महिन्याभरात तेवीस सिंह दगावले, त्यांतल्या काहींच्या अंगात हेच विषाणू सापडले. वाघालाही तो होतो, रानकुत्र्यालाही होतो. माणसाला त्याची भीती नाही, आणि एकदा झाल्यावर त्यावर रामबाण औषधही नाही. उपाय लसीचाच. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे झाले की पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. पिसाळण्याची लस तिसऱ्या महिन्यात, आणि पुढे दर वर्षी.

भाऊजींनी ऐकून घेतले. वाघ्याच्या औषधांसाठी ठरवलेला महिन्याचा आकडा आता मोकळा झाला होता. पिल्लू आले नाही. पण भादव्यातल्या एका रविवारी परतवाड्याहून डॉक्टर बर्फाच्या डब्यात लसी घेऊन आले, आणि आळीतल्या अकरा कुत्र्यांना धरून-बांधून त्या टोचल्या. कुत्री धरायला शाळेतली पोरे होती. हजेरी भाऊजींनी त्याच पटात, पुढच्या कोऱ्या पानावर घेतली. अकरापैकी अकरा हजर.

ताईचे पत्र परवाच आले. संध्याकाळची एस. टी. आली, की तिघांच्याही माना अजून फाटकाकडे वळतात. यंदा एक पणती मोहाखालच्या दगडावर लावायची आहे. फटाके मात्र आणायचे नाहीत, असे भाचीने ठरवले आहे. वाघ्याला ते आवडत नसत.